शीग लावलेलं घमेलं

लालसाबभाईंच्या घरी चहा कपात मावत नाही. ओतताना ते थांबतच नाहीत. कप भरतो, बशी भरते, मगच किटली खाली येते. त्यांच्या बायकोनं, लालबीभाभीनं, तीस वर्षं सांगून पाहिलं. पण माणूस वैरागच्या बाजारात धान्य मापणाऱ्याच्या पोटी जन्मलेला. मापाच्या काठावर धान्याचं टोक चढलं, म्हणजे शीग लागली, की मगच माप झालं असं त्यांचे वडील मानायचे. काठाबरोबर सपाट मापून देणारा त्या घरात कंजूस नव्हे, चोर समजला जाई.

आणि याच माणसावर चोरीचा आळ आला.

भाई अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत बॉयलरवर होते. कारखाना डोंगर चढणाऱ्यांच्या सॅका आणि तंबू करतो. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला कोळसा. कोळसा घमेल्यानं भट्टीत टाकायचा आणि दर घमेल्याला वहीत एक रेघ मारायची. 'एक घमेलं, पंधरा किलो' असं कुण्या जुन्या इंजिनियरनं भिंतीवर रंगवून ठेवलेलं. दिवसाला दीडशे घमेली जात.

गेल्या साली कंपनीच्या मनात आलं, आपण किती कार्बन हवेत सोडतो ते मोजायचं, तो कमी करायचा, उरलेल्याची भरपाई झाडं लावून करायची. आणि हे सगळं सॅकेच्या चिठ्ठीवर छापायचं. ऐकूनच माझं डोकं फिरलं. मी कारखान्यामागच्या वस्तीतला, धुरावरून कंपन्यांशी भांडत आलेला; सातवी शिकलेला माणूस, पण प्रदूषणाचे कागद वाचायला माझा मी शिकलोय. असली हिरवी चिठ्ठी दिसली की मी आधी उलटी करून पाठ बघतो.

मोजणी इंद्रायणी नावाच्या मुलीकडं होती. जुळे सोलापूरहून स्कूटीवर यायची, मान खाली घालून काम करायची. तिनं बॉयलरची वही आणि कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्याच्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवल्या. इतक्या वर्षांत हे कुणीच केलं नव्हतं. वर्षाचा फरक निघाला एकशेऐंशी टन. आलेला कोळसा जास्त, वहीत जाळलेला कमी. दहा-दहा टनांचे अठरा ट्रक गेले कुठं?

मॅनेजर हृषीकेश यांनी विचार करायला चहा संपेपर्यंतही वेळ घेतला नाही. कोळसा बाहेर विकला गेला, म्हणाले, आणि बॉयलरचा मुख्य माणूस कोण? लालसाब. निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं. सात दिवसांत खुलासा द्या, तोवर घरी बसा, असं पत्र भाईंच्या हातात पडलं.

माझ्या कानावर ते तीन दिवसांनी आलं, आणि त्यातली गोम मला लगेच दिसली. कोळसा चोरीला गेला म्हटलं की कारखान्यानं तो जाळलाच नाही, आणि जाळला नाही तर त्याचा धूरही कारखान्याचा नाही. भाई चोर ठरले की चिठ्ठीवरचा आकडा आपोआप लहान. मी त्याच दिवशी भाईंच्या घरी गेलो आणि सांगितलं, उद्या गेट अडवतो, शंभर माणसं उभी करतो.

भाईंनी किटली उचलली. सात दिवसांतले तीन गेले होते आणि गल्लीत पोरंटोरंही बघायला लागली होती.

"गेट अडवून माझी चोरी खोटी ठरंल व्हय, धुळाप्पा?" ते म्हणाले. "मोजून खोटी ठरव की."

मी उलटून बोलणार, तेवढ्यात चहा कप सोडून बशीत, बशी सोडून माझ्या पँटवर आला. भाभी फडकं घेऊन धावल्या, नवऱ्याला चार शब्द सुनावले. मी मात्र त्या बशीकडं बघत राहिलो.

"भाई, घमेलं कसं भरता?"

खुळ्याकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कसं म्हंजे? शीग लावून. सपाट घमेलं काय माप हाय?"

तिन्ही पाळ्यांची माणसं त्यांनीच शिकवलेली. सगळेच शीग लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर गेलो, पण अडवायला नाही. इंद्रायणीला बाहेर बोलावून सांगितलं. ती मला घेऊन तडक आत गेली आणि तिनं भंगाराच्या कोपऱ्यातला वजनकाटा ओढत बॉयलरपाशी आणला. मॅनेजर म्हणाले, याची काही गरज नाही. ती म्हणाली, मोजणीच्या कागदावर सही माझी आहे, सर. भाईंना बोलावलं. त्यांनी दहा घमेली भरली, रोजच्यासारखी. कुठलं साडेअठरा, कुठलं साडेएकोणीस. सरासरी एकोणीस किलो. घमेल्यामागं चार किलो जादा, दिवसाला सहाशे किलो, कामाचे तीनशे दिवस. मी हिशोब तिथंच भिंतीवर कोळशानं केला. एकशेऐंशी टन. अठराचे अठरा ट्रक भट्टीतच गेले होते.

आळ मागं घेतल्याचं पत्र मॅनेजरांनी टेबलावर ठेवलं. भाई म्हणाले, वाचून दाखवा. तिन्ही पाळ्यांसमोर त्यांना वाचावं लागलं.

आता कार्बनचा आकडा फुगला. इंद्रायणीनं तो तसाच लिहिला आणि भाईंनाच विचारलं, कमी कसा करायचा? भाई हसले. तीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. ते तिला पाइपांच्या कडेनं घेऊन फिरले. कुठला सांधा शिट्टी घालतो, कुठलं वेष्टण फाटलंय, रंगखात्यातलं उकळतं पाणी गटारात न सोडता बॉयलरला परत दिलं तर काय होईल, सगळं दाखवलं. चार महिन्यांत दीडशेची एकशेबावीस घमेली झाली. शीग तशीच राहिली. फक्त शेजारी काटा ठेवला आणि वहीत रेघांऐवजी किलो आले.

राहिली झाडं. वैरागजवळच्या माळावर हजार रोपं लावली होती. लावलेली नाही, जगलेली मोजा, म्हणून मी भांडलोच. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात भाई उन्हाळा उलटल्यावर स्वतः माळ फिरले. सहाशे अठरा उभी. मॅनेजर म्हणाले, पाऊस पडला की वाळलेल्यांतली काही फुटतील, सातशे लिहू.

"झाडाला शीग लावत न्हाईत, साहेब," भाई म्हणाले.

चिठ्ठीवर सहाशे अठरा छापलं. मी ती उलटी करून पाठ बघितली. भांडायला काही सापडलं नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

भाई आता निवृत्त आहेत. मी गेलो की किटली येते, भाभी आधीच फडकं घेऊन बसतात. तिथं आधी बशीतला चहा प्यावा लागतो, मगच कप उचलता येतो.