खळ्यावरचा जवळा

समुद्र आमच्याकडे शहापूरच्या बाजारात सुकटीच्या पाटीतून येतो आणि तेवढा आम्हाला पुरतो. तरी गेल्या उन्हाळ्यात मी वडिलांना गाडीत घालून एका लहानशा मासेमारीच्या बंदरावर नेलं. आमचं शेत नव्या रस्त्यात गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते ओटीवर बसून होते. मी त्यांना टीव्ही घेऊन दिला, मोबाइल दिला, देवदर्शनं घडवली. मी म्हणेन तिथे ते आले आणि तिथे जाऊन बसले. माणूस असा बसल्या बसल्याच जाईल, अशी मला धास्ती होती.

बंदर म्हणजे दोन टेकड्यांच्या बेचक्यात थोडी वाळू, ओढून ठेवलेल्या पाच-सहा होड्या आणि वास. वडिलांनी समुद्राकडे पाहिलं. "पाणी बरंच हाय," म्हणाले. मी होड्यांचे फोटो काढायला पुढे गेलो.

मागून बाईचा आवाज आला म्हणून वळलो. एका घरापुढे शेणाने सारवलेल्या खळ्यावर जवळा वाळत घातला होता आणि वडील चपला काढून, लेंगा वर खोचून त्यातून पाय ओढत चालले होते. आमच्याकडे भात वाळत घातलं की ते असंच पायाने वरखाली करतात. त्यांची एक ओळ अगदी सरळ झाली होती. दुसरी अर्ध्यावर होती.

"ओ बाबा, पाय काढा आधी," घरची कोळीण म्हणाली.

"खाली ओलं हाय. परतायला नको?"

"परतायला पायजे. पायानं नाय."

"आमी भात पायानंच परततो."

"भाताला साल असतं, बाबा. ह्यो असाच तोंडात जातो."

मी धावत जाऊन माफी मागितली. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तुडवलेला जवळा सुपात भरून कोंबड्यांपुढे टाकला आणि वडिलांच्या हातात खराटा दिला. "हलक्या हातानं," म्हणाली आणि आत गेली.

तासाभराने मी म्हणालो, "चला, जेवून निघू."

त्यांनी मान वर केली नाही. "मी नाय येत. तुला टाइम नसंल तर तू जा. माजं अजून अर्धं खळं ऱ्हायलंय."

दोन वर्षांत ते मला पहिल्यांदाच नाही म्हणाले होते. मी गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या आणि पोटभर रडलो.