कापसाच्या मशीनवरचं रॅप

हसा, खुशाल हसा. पुण्यात भर स्टेजवर लोक आमच्यावर हसले, हे मी स्वतःच सांगून राह्यलो. मले त्याची लाज नाही.

आमचा ग्रुप म्हणजे आम्ही दोघंच, मी अन् माझा दोस्त. पिंपळगाव राजात त्याच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान, मागं कापूस पिंजायची मशीन. बाकीचे रॅपवाले कॉम्प्युटरवर ताल बनवतात; आम्ही त्या मशीनचा आवाज मोबाइलवर घेतला. दुपारी गावातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. मशीन हळू होते, मंग पुन्हा पळते. तिच्यासंगं आम्ही थांबायचो, तिच्यासंगं पळायचो. चार वर्षं हेच केलं. गॅदरिंगात कोणी उभं केलं नाही, तर आम्ही गोदामात पोरं जमवून कार्यक्रम केले. कोणाच्या परवानगीची गरज काऊन पडावी?

पण अब्बांनी दोस्ताले बजावलं होतं, "ईदपर्यंत काही करून दाखव. नाहीतर हे सोड अन् दुकानात उभा राह्य." म्हणून पुण्याचा कार्यक्रम भेटला तवा आयोजकाच्या सगळ्या अटी आम्ही मानल्या. त्यानं मशीनचा आवाज काढून एकसारखा ताल लावला. वरून म्हणे, 'मले' नको, 'मला' म्हणा. माझं डोकं तापलं, पण दोस्ताचं तोंड पाहून गप बसलो.

स्टेजवर पहिल्याच कडव्यात आम्ही दोघंही एकदम थांबलो. सवयीनं, व्होल्टेज पडेल म्हणून! ताल आपला गेला पुढं. लोक खदखदून हसले. कोणी तरी ओरडलं, "काय पाहुणे, एसटी चुकली का?"

मी ओरडलो, "बंद करा बे तो ताल!" अन् बिनतालाचं, आपल्याच चालीनं थांबत-पळत, 'मले'च म्हणत अख्खं गाणं म्हटलं. टाळ्या दोन-चारच पडल्या. आयोजक म्हणाला, पुन्हा बोलावणार नाही. नको बोलावू! तुह्या घरचं खातो काय?

गावी आलो. दोस्त बाह्या दुमडून मशीनपाशी उभा राह्यला. अब्बांनी मले विचारलं, मी सगळं सांगितलं.

"हसले, मंग पळून आले काय?"

"नाही अब्बा. पूर्ण म्हणून आलो."

अब्बांनी पोराच्या हातातला कापूस काढून घेतला.

"सरक," ते म्हणाले. "दुकानात मी हाय अजून."