पाइपावरचा तळहात

आमचे हे शिकले आठवीपर्यंत, पण उष्णतेच्या बाबतीत मोठमोठे साहेब ह्यांच्यापुढे पाणी भरायचे. बावीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर होते. रिअ‍ॅक्टर म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं बंद भांडं. त्यात एक रसायन असायचं, वरच्या टाकीच्या व्हॉल्व्हमधून दुसरं थेंबथेंब सोडायचं. दोन्ही एकत्र आली की खाली जाळ नसतानाही तापतात, म्हणून भांड्याभोवती गार पाणी फिरवायचं. ते पाणी ज्या पाइपातून परत येतं, त्यावर हे घडीघडी तळहात ठेवायचे. भिंतीवर तापमानाचा काटा होताच की! पण काटा उशिरा बोलतो, म्हणायचे.

माझ्या धाकट्या भावाला तिथे चिकटवायची अवदसा मलाच आठवली. ह्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. एक गोष्ट तर जेवतानासुद्धा घोकून घ्यायचे: "थेंब चालू आहेत आणि पाइप गारच, तर खूश होऊ नकोस. आत नुसतं साठतंय. सुरू झालं की सगळं एकदम तापेल. आधी व्हॉल्व्ह बंद."

"हो दाजी, कळलं दाजी." पुढे तो सुपरवायझर झाला, ह्यांच्याही वरचा. मी गल्लीभर सांगत फिरले.

त्या दिवशी हे जेवायला गेले आणि पठ्ठ्याला घाई झाली. काटा खाली दिसला म्हणून त्यानं व्हॉल्व्ह आणखी उघडला. हे परत आले, पाइपाला हात लावला, तर चटका! व्हॉल्व्ह बंद केला, गार पाणी पूर्ण सोडलं, सगळ्यांना बाहेर पिटाळलं. तेवढ्यात झाकणाच्या फटीतून वाफ उसळली आणि ह्यांचा उजवा तळहात सोलून निघाला. माणसं वाचली, माल गेला.

चौकशीत माझा भाऊ म्हणाला, "मी तिथे नव्हतोच. व्हॉल्व्ह दाजींनी उघडला."

ह्यांना काढून टाकलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं."

आठव्या दिवशी तो दारात हजर. वाटलं, पाय धरायला आलाय. कसलं काय!

"दाजी, नवा माणूस घाबरतोय. पाइपावर हात नेमका कुठे ठेवायचा?"

माझं डोकंच फिरलं. "निलाजऱ्या, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस! व्हॉल्व्ह कुणी उघडला, ते सांग आधी."

"ताई, मलाही पोरंबाळं आहेत."

"आणि आम्हाला नाहीत?"

ह्यांनी मला थांबवलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून सावकाश सांगितलं, "वळणाच्या अलीकडे, वीतभर. दहा आकडे होईपर्यंत हात टिकला तर ठीक. त्याआधी उचलावा लागला तर व्हॉल्व्ह बंद. गारच लागला तरी बंद."

त्यानं ते कागदावर उतरवून घेतलं. "येतो दाजी."

"तिथे आणखी सहा जण उभे असतात, त्यांच्यासाठी सांगितलं," हे म्हणाले. "तू मला आता दाजी म्हणू नकोस."

तो पायऱ्या उतरून गेला. दार मी लावलं. माहेरचं म्हणून तेवढं एकच माणूस होतं मला.