फणसाचा भुसा आणि आमची पाच कलमे

गेला महिनाभर आमच्या घरात भुशाचे राज्य आहे. चहात भुसा, पोथीत भुसा, आणि परवा तर आचमनाच्या पळीत भुसा... याची दाद कोणाकडे मागावी, हे धर्मशास्त्रात कुठे सापडेना.

पडवीत बाबू मेस्त्री फणसाच्या लाकडाचा झोपाळा करतो आहे. करवतीखाली पिवळा भुसा साचतो, रंध्यातून कुरळ्या साली निघतात. "मास्तर, भाताच्या राबाला घ्या, रोपांच्या वाफ्यावर पसरा नि जाळा," हा त्याचा सल्ला.

मला जाळायचा नव्हता. आवाराच्या दगडी गडग्यालगत माझी पाच हापूस कलमे आहेत. खाली कातळ, वर जेमतेम माती, आणि वैशाखाचे ऊन. सकाळी घातलेले पाणी दुपारी दिसत नाही...

आधी मिरच्यांवर प्रयोग केला. ताजा भुसा मातीत चांगला खोल कालवला, पंधरवड्यात पाने पिवळी. "तुमच्या मिरच्यांना कावीळ झाली," आमची मंडळी म्हणाली, "आता काढा द्या त्यांना."

बाबूने वाफा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पोटात कशाला घातलात? पांघरूण घालायचं. आम्ही सुपारीच्या बुंध्याशी सुक्या पानांचा पातेरा घालतो, तसं." इतकी वर्षे विद्या शिकवली, पण हा पाठ सुताराकडून घ्यावा लागला.

मग कलमांच्या आळ्यांत शेणपाणी शिंपडले. वर साली आणि भुसा, चार बोटे जाड, खोडाला न टेकवता...

काल चौथा दिवस. मधे थेंबभर पाणी घातले नव्हते. भुसा सारून बोट खुपसले, तर माती ओली आणि गार! पाचही कलमांना तांबूस पालवी. मंडळींनी स्वतः बोट घालून पाहिले, पदराला पुसले, आणि कंबरेवरची कळशी नेऊन उपडी घातली. इतका मोठा सन्मान मला शाळेतही मिळालेला नाही.

बाबूने लगेच घरच्या सुपारीसाठी पोतेभर भुसा मागितला. मी दिला नाही. मिरच्यांच्या वेळी त्याने कपाळाला लावलेला हात मी विसरलेलो नाही...

आता खरे सांगतो. विहीर पार उताराच्या तळाशी आहे. कलमांचे पाणी आमची मंडळीच आणते; मला कळशी उचलू देत नाही, मी पोचे पाडतो म्हणून. शिमग्यापासून वर येताना ती गडग्यावर टेकते आणि धाप थांबेपर्यंत बोलत नाही. विचारले तर म्हणते, "ऊन आहे."

काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती विहिरीवर हातपाय धुऊन रिकाम्या हाताने वर आली... तरी गडग्यावर टेकली.