ट्रक राजीनामा देत नाही

छावणीच्या यंत्रशाळेत त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते वर्दीतले नव्हते. सैन्याच्या पगारपत्रकावर मुलकी नोकर, अंगात राखाडी डगला, डाव्या खिशाखाली तेलाचा एक डाग, जो बायकोने तीन प्रकारच्या साबणांनी धुऊन पाहिला आणि मग सोडून दिला. एकोणतीस वर्षं त्यांनी नव्याने भरती झालेल्या पोरांना डिझेल इंजिन शिकवलं.

अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा. पहिले आठ महिने कुठल्याही यंत्रशाळेत असतात तसेच: खोला, धुवा, मोजा, जोडा. नववा महिना मात्र मास्तरांचा स्वतःचा. त्या महिन्यात ते पोरांच्या डोळ्यांवर फडकं बांधत, हातात फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर देत आणि चालू इंजिनापाशी उभं करत. लोखंडी टोक इंजिनाच्या अंगावर, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर. "आता बोलू नका. ते बोलेल," असं म्हणून ते गुपचूप डिझेलच्या कुठल्या तरी एका नळीचा नट सैल करत. सहांपैकी कोणता सिलिंडर बसला, म्हणजे काम करायचा थांबला, ते पोराने सांगायचं. पहिल्या आठवड्यात सगळे ठोकून देत. चौथ्या आठवड्यापर्यंत दहांतल्या चौघांना ऐकू येऊ लागे, आणि दोन-तीन वर्षांतून एखादा असा निघे की मास्तर घरी येऊन जेवताना उगाच हसत.

"मिळालं वाटतं कोणी," बायको म्हणे. ती शाळेत शिवण शिकवायची. "इंजिनाचा नट सैल झालेला ऐकू येतो तुम्हांला. मी तीनदा हाक मारली ती नाही."

"तू बिघडत नाहीस ना. बिघडलं की ऐकू येतं."

"सांगून बिघडते पुढच्या वेळी."

ज्यांच्यामुळे मास्तर असे हसले, त्यांतला सगळ्यांत चांगला म्हणजे मुका. मुका नव्हता तो, पण दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर पुष्कळ, म्हणून बाकीच्यांनी नाव पाडलं. आधी एका लाँड्रीत इस्त्री करायचा. भरतीच्या टेबलावर त्याला सांगितलं होतं की सैन्यात पगार तर आहेच, वर हातात कला येते, ती कोणी काढून घेत नाही. त्याने ते शब्दशः खरं धरलं होतं. नवव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर फडकं असताना तो म्हणाला, "चौथा बसलाय. पण दुसऱ्याचं नोझलही ठिबकतंय, ते तुम्ही केलेलं नाही." मास्तरांनी दुसरं नोझल काढून पाहिलं. ठिबकत होतं.

तेव्हापासून दर रविवारी तो मास्तरांच्या घरी जेवायला. काकूंच्या शिवणयंत्राचा आवाज ऐकून त्याने त्याचा पट्टा बदलला, दाराच्या बिजागरीत तेल घातलं. मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. आपल्याला निवृत्त व्हायला चार वर्षं. सहायक मास्तराची जागा सहा वर्षं रिकामी. मुक्याच्या चार वर्षांच्या करारातली तीन संपत आलेली. त्याला त्या जागेवर घ्यावं, म्हणजे आपण गेल्यावर नववा महिना मागे राहील. एवढंच त्यांना हवं होतं. निवृत्तीचा समारंभ, घड्याळ, भाषण यातलं काही नको होतं.

त्यांनी अर्ज लिहिला, स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. तो वर गेला. वर म्हणजे कुठे, हे इतक्या वर्षांत त्यांना नीट कळलं नव्हतं. अकरा महिन्यांनी उत्तर आलं: सहायक मास्तराचं पद गोठवलेलं आहे. मात्र सदर सैनिक उपयुक्त असल्याने त्याला बोनस देऊन आणखी दोन वर्षं ठेवून घेण्यास मंजुरी आहे. नेमणूक: ब्लँकेटांचं कोठार.

मास्तर कागद घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने समजावलं की मेकॅनिकांच्या सगळ्या जागा भरलेल्या आहेत.

"कोणी भरल्या? माझ्याकडे कामाची निम्मी टेबलं रिकामी आहेत."

कारकुनाने यादी वाचली. नावं मास्तरांच्याच विद्यार्थ्यांची होती. गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांची. "ती काढायची राहिलीयेत," कारकून म्हणाला. "पण काढेपर्यंत भरलेल्याच."

त्या रविवारी मुक्याने जेवण झाल्यावर खिशातून दुसरा एक कागद काढला. मोठाली जनित्रं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचा. पगार तिप्पट.

"मास्तर, दोन वर्षं ब्लँकेटं मोजली तर माझा कान जाईल."

"मी वर जाऊन बोलतो. एक महिना थांब."

"यांनी शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय."

"माझ्यासाठी एक महिना थांबता येत नाही तुला?"

मुक्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, "अकरा महिने तुमच्यासाठीच थांबलो होतो."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मास्तरांना लागलं. "जा," ते म्हणाले. "तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत." काकू आतून येईपर्यंत तो जोडे घालून गेलाही होता. छप्पन्न काय, मास्तरांनी तसा एकही पाहिला नव्हता, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी यंत्रशाळेवर नवे साहेब आले. मवाळ आवाजाचे, स्वच्छ नखांचे. त्यांनी मास्तरांना बोलावून स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली. भिंतीवर एक तक्ता होता.

"मास्तर, तुमच्या हाताखालून दहा जण तयार होतात. करार संपला की त्यांतले सात बाहेर जातात. भरतीचा खर्च, खाणंपिणं, वर्दी, तुमचे नऊ महिने, सगळं धरलं तर टिकलेल्या एका मेकॅनिकच्या पैशांत दोन नवे ट्रक येतात. आणि ट्रक राजीनामा देत नाही."

"ट्रक स्वतःला दुरुस्तही करत नाही, साहेब."

साहेब मनापासून हसले. "बरोबर. पण ते सात का जातात? बाहेर त्यांना मागणी आहे म्हणून. मागणी का? तुम्ही फार चांगलं शिकवता म्हणून."

मास्तरांना वाटलं, ही स्तुती आहे. क्षणभर त्यांची मानही ताठ झाली.

"म्हणून आपण अभ्यासक्रम पाच महिन्यांचा करतोय. बिघडलेला भाग ओळखायचा, काढायचा, नवा बसवायचा. भागाच्या आत काय चाललंय त्याच्याशी कर्तव्य नाही. एवढं आपल्याला पुरतं, आणि एवढ्यावर बाहेर कोणी विचारत नाही. मुलं टिकतील."

"म्हणजे मुद्दाम वाईट शिकवायचं?"

"वाईट नाही हो," साहेब म्हणाले. "बेताचं."

मास्तर पुष्कळ बोलले. पगार वाढवा म्हणाले, जागा उघडा म्हणाले, निदान यादीतली सोडून गेलेल्यांची नावं तरी काढा म्हणाले. साहेबांनी सगळं टिपून घेतलं. टिपून घेणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

घरी बायकोने ऐकून घेतलं. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. यांनी त्यावर काय उपाय काढला? तर जातंच फोडायचं." मग हातातलं कापड खाली ठेवून तिने विचारलं, "पेन्शनला किती राहिले?"

"सव्वीस महिने."

"मग सव्वीस महिने गप्प बसा. पदरात पडू दे."

मास्तर गप्प बसले. पुढे कधी ती रात्र आठवली की त्यांना बायकोचा राग येत नसे. आपल्याला किती पटकन पटलं याचा येई.

पाच महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. फडकी गाडीचे आरसे पुसायला गेली. पोरं तक्ता बघून भाग बदलू लागली आणि जुने भाग, ज्यांतल्या निम्म्यांना काही झालेलं नसे, मागच्या अंगणात ढिगाने पडू लागले. आणि टिकायचं म्हणाल तर कमी शिकलेलेही गेलेच, करार संपायची वाटही न बघता. दहांतले सातच. त्यांना बाहेर कोणी मेकॅनिक म्हणून घेतलं नाही, एवढाच फरक. कोणी गोदामावर पहारेकरी झालं, कोणी घरोघर पार्सलं पोचवू लागलं. मास्तरांनी हे साहेबांना सांगायचं ठरवलं होतं, पण तोपर्यंत साहेबांना खर्च वाचवल्याबद्दल बढती मिळून ते दुसरीकडे गेले होते. तक्ता मात्र भिंतीवर होता.

मग छावणीच्या रुग्णालयाचं मोठं जनित्र आलं. त्याची देखभाल बाहेरच्या कंपनीला दिली होती, कारण छावणीत ते जमणारं कोणी उरलं नव्हतं, असं करारातच लिहिलं होतं. इंजिनाला कंपनीचं सील. सहा महिन्यांत ते आतून ठोके देऊ लागलं. कंपनीचा माणूस येईपर्यंत रोज संध्याकाळी तासभर चालवायचं आणि बंद करायचं, असा हुकूम निघाला. मास्तरांनी पहिल्याच दिवशी दाराबाहेर उभं राहून ऐकलं आणि कचेरीत चिठ्ठी दिली: बेअरिंग नाही, इंजिनाच्या मागच्या जड चाकाचे बोल्ट सैल आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे. उत्तर आलं की सीलला हात लावल्यास करार मोडेल.

अकराव्या दिवशी, सकाळी दहाला, कंपनीची गाडी आली. मुका उतरला. निळा सदरा, छातीवर कंपनीचं चिन्ह, अंग थोडं सुटलेलं. मास्तर त्यांच्या तुकडीला घेऊन जनित्राच्या खोलीत उभे होते. सोळा जण. पोरांनी एकदा तरी हे बघावं, म्हणून त्यांनी मुद्दाम तास तिथे ठेवला होता.

मुका वाकून पाया पडला नाही, पण हात पुढे करून तसाच धरून राहिला. "काकू बऱ्या आहेत?"

"आहे. गुडघा धरलाय."

"पट्टा चालतोय अजून?"

"चालतोय." मास्तरांनी तुकडीकडे हात केला. "हे बघ, ही माझी पोरं. त्यांना दाखवत दाखवत कर. तू बोलू नकोस हवं तर, मी सांगेन."

मुक्याने पिशवीतून एक फळी काढली. तिला कागद लावलेला. तो मास्तरांकडे न बघता म्हणाला, "काम चालू असताना खोलीत कोणी थांबायचं नाही असं आहे, मास्तर. पद्धत बाहेर जाऊ नये म्हणून."

"कोणाची पद्धत?"

मुक्याने फळीवरचा कागद सरळ केला.

"बरं. पोरांना बाहेर नेतो. मी थांबतो."

"कागदावर कोणीही असं लिहिलंय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझ्यासोबतचा ड्रायव्हर कंपनीला कळवतो. मागच्या महिन्यात एकाला काढलं."

तेव्हा मास्तरांनी सोळाही जणांना बाहेर काढलं, स्वतः शेवटी निघाले आणि दार बाहेरून ओढून घेतलं. दाराला खिडकी होती. मुक्याने आतून तिच्यावर कागद लावला. थोड्या वेळाने इंजिन सुरू झालं, ठोके आले, मध्येच थोडे बदलले, म्हणजे त्याने भार टाकून पाहिला. मग बंद झालं. पाना फिरल्याचा आवाज सहा वेळा आला. मग पुन्हा सुरू झालं, आणि एकसारखं, गुळगुळीत चालत राहिलं. घड्याळात पाहिलं तर अठ्ठावीस मिनिटं.

मुका फळी घेऊन बाहेर आला. रुग्णालयाच्या वतीने सही करायला दुसरं कोणी नव्हतं. 'कामाचा दर्जा' या ओळीपुढे चार चौकोन होते. मास्तरांनी पेन उचलून बराच वेळ धरलं. मग 'उत्तम' वर खूण केली. उत्तमच होतं.

"येतो, मास्तर," मुका म्हणाला. "रविवारी मोकळा असतो मी हल्ली."

"आम्ही नसतो," मास्तर म्हणाले.

गाडी गेली. तुकडी जेवायला पांगली. एक मुलगी मागे राहिली, चौथ्या ओळीतली, बाविसेक वर्षांची, आधी चपलांच्या दुकानात विकायला उभी राहायची. पाच महिन्यांत तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"मास्तर, ते बेअरिंग नव्हतं ना?"

मास्तर वळले. "कशावरून?"

"बेअरिंग असतं तर भार टाकल्यावर आवाज वाढला असता. हा कमी व्हायचा. आणि मागून यायचा, चाकाकडून. आमची खोली या भिंतीपलीकडेच आहे. अकरा दिवस ऐकतेय."

"कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. कसं शिकायचं तेच विचारते आहे."

त्यांच्या नोकरीचे चार महिने उरले होते. दोन महिन्यांत ती तयार झाली असती. हे त्यांना तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. पण त्याच क्षणी दुसरंही एक गणित त्यांच्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं. हिचा करार चार वर्षांचा. मग कंपनीचा कागद. मग निळा सदरा, हातात फळी, आणि ही खिडकीला आतून कागद लावील. हे गणित कोणाच्या तक्त्यावरचं, हे त्यांना समजलं. समजूनही ते पुसता येईना.

"ते परीक्षेला नाही," मास्तर म्हणाले.

"परीक्षेसाठी नाही विचारत."

"मग विचारू नकोस. जेवायची वेळ झाली."

तिने टाचा जुळवून मान लववली आणि ती निघाली. बराकीच्या वळणापर्यंत सव्वाशे पावलं आहेत. ती वळेपर्यंत तिला हाक मारता आली असती. मास्तरांनी मारली नाही.