ओसरीतली सतरंजी

माझी धाकटी जाऊ घरात आली तेव्हापासून मी तिच्यावर जळत आले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. तिची भाकरी फुगायची, माझी फुगायची नाही. तिनं लावलेला कढीपत्ता जगायचा. सासूबाई तिला हाक मारताना आवाज खाली आणायच्या आणि मला मारताना वर न्यायच्या. आमचं गाव नांदूरघाटापासून जवळ, घर शेतकऱ्याचं, दोन भाऊ आणि आम्ही दोघी. मी थोरली, शाळेत विज्ञान शिकवणारी. ती धाकटी, बारावी नापास. खरं म्हणजे हेवा तिनं माझा करायला हवा होता. तिला ते कधी सुचलंच नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

एकाच बाबतीत आम्ही बरोबरीच्या होतो. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, तिच्या लग्नाला दीड, आणि पाळणा दोघींचाही हलला नव्हता. कुणी पाहुणी आली आणि सासूबाईंनी सुस्कारा सोडला, की तो दोघींच्या नावानं असायचा. मला तेवढ्यावर समाधान होतं.

गळ्याची गाठ पहिल्यांदा तिनंच पाहिली. एका लग्नाला निघालो होतो, पोहेहाराचा फासा माझ्या हाताला लागत नव्हता, म्हणून ती मागून लावून देत होती. आरशात बघत म्हणाली, "ताई, तुमच्या गळ्याला हे काय आलंय?" मी म्हटलं, "तुला सगळ्यांच्या अंगावर काहीतरी दिसतंच." तीन आठवडे मी नुसत्या हट्टापायी डॉक्टरकडे गेले नाही. गेले तेव्हा केजच्या डॉक्टरांनी बीडला पाठवलं आणि बीडच्यांनी पुण्याला. थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशन करून ग्रंथी काढली. डॉक्टर म्हणाले, गाठ वेळेत सापडली. ती कुणाला सापडली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग काही आठवड्यांनी किरणोत्सारी आयोडीन घ्यायला पुन्हा पुण्याला जावं लागलं. ते देण्याआधी रक्त तपासतात, बाईला दिवस गेले आहेत का ते बघायला. नर्स हसत आली आणि म्हणाली, "निगेटिव्ह आहे, काळजी नको." सहा वर्षं दर महिन्याला ही बातमी मी तोंड पाडून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी ती मला हसून दिली. नंतर हातमोजे घातलेला एक माणूस शिशाचा जड डबा घेऊन आला, लांब चिमट्यानं त्यातली एक कॅप्सूल काढून पुढे केली आणि मी ती गिळल्याबरोबर खोलीतून निघून गेला. चार दिवस मी त्या खोलीत एकटी होते. जेवण दाराशी ठेवून जायचे.

सोडताना तिथल्या डॉक्टरीण बाईंनी समोर बसवून नीट समजावलं. बाई माझ्याहून लहान होत्या. म्हणाल्या, हे औषध गळ्यातल्या उरलेल्या पेशी जाळतं, पण जाता जाता रक्तातल्या चांगल्या पेशींनाही चटका देतं. पेशीच्या आत वंशाचे जे बारीक धागे असतात, ते काही ठिकाणी तुटतात. शरीर बहुतेक धागे सांधून घेतं. तेवढा वेळ त्याला द्यायचा, म्हणून वर्षभर मूल राहू द्यायचं नाही. आणि घरी गेल्यावर पंधरा दिवस लहान मुलं आणि पोटुशी बाई यांच्यापासून लांब राहायचं, कारण पोटातल्या जिवाचे धागे नुकतेच विणले जात असतात. "नुसत्या शिवण्याचा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "जवळ किती आणि किती वेळ, हे महत्त्वाचं." मी मान डोलावली. लांब गेलं की उजेड कमी पडतो, हेच मी आठवीच्या मुलांना दिव्याचं उदाहरण देऊन शिकवत होते.

घरी आल्यावर मी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी बाजूला बसायचं. पंधरा दिवस."

आमच्याकडे पाळी अजून पाळतात. मी शाळेत जाते, पगार आणते, पण ते चार दिवस घरी आले की मागच्या खोलीत. त्या खोलीत खाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या, सगळं तयारच होतं. सासूबाईंनी मला तिथं घातलं आणि गल्लीत सांगून आल्या, की लेकरं आणि दोन जिवांच्या बायका आमच्या दाराकडे फिरकू देऊ नका. नवरा शेतावरच्या खोलीत झोपायला गेला. सकाळ-संध्याकाळ अंगणातून हात हलवायचा आणि जायचा. मग सासूबाईंना एक अडचण सुचली. धाकटीची पाळी दोन दिवसांवर आली होती. तिला कुठं बसवायचं? त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात एक सतरंजी गुंडाळून, दोरीनं बांधून उभी केली. म्हणाल्या, "ती तिथं बसंल."

मला जेवण धाकटीच आणून द्यायची. आमच्या रीतीप्रमाणे ती भाकरी वरून टाकायची, भाजी वरून वाढायची, पदराचं टोकसुद्धा माझ्या ताटाला लागू द्यायची नाही. आणि मग दोन हातांवर उंबऱ्यात बसून दीड-दोन तास बोलत राहायची. शेंगा निवडायची, तूर निवडायची, गल्लीतल्या बातम्या सांगायची. उठली की डोक्यावरून पाणी घ्यायची आणि शुद्ध व्हायची. माझ्या शरीरातून जे बाहेर पडत होतं, त्याला पाण्यानं काही होत नव्हतं. त्याला लागत होतं अंतर, आणि अंतराचं आमच्या घरात कुणालाच काही वाटत नव्हतं. फक्त शिवायचं नाही, एवढंच घरातल्या सगळ्यांना कळलं होतं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "जरा लांब बस." ती म्हणाली, "शिवले का मी तुमाला?" धडधाकट बाईला काही होत नाही, असं मीच मला समजावलं. शिवाय दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

तिची तारीख मला तिच्याहून पक्की माहीत होती. एकच खोली दोघींनी वापरायची, म्हणजे हे कळतंच. मी उठले की चौथ्या-पाचव्या दिवशी ती बसायची, दीड वर्षात एकदाही चुकली नव्हती. माझ्या खाटेवरून मधल्या दारातून ओसरीचा कोपरा दिसायचा. दोन दिवस झाले, सतरंजी तशीच. चार झाले, सहा झाले, तिच्या दोरीची गाठही कुणी सोडली नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माजं मागंपुढं हुतंय, आत्याबाई." सासूबाई डोळ्यांना अधू, महिन्याच्या हिशेबाला त्याहून. त्यांनी सोडून दिलं. आठव्या दिवशी लसणाच्या फोडणीचा वास आला आणि तिनं नाकाला पदर लावला.

मला कळलं. तिला कळायच्या आधी मला कळलं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते. पहिल्यांदा आलं, हिलाच का? मला वर्षभर थांबायला सांगितलंय, माझ्या आतले धागे तुटलेत, आणि ही उंबऱ्यात शेंगा निवडता निवडता आई होणार. मग डोळ्यांसमोर पेढे आले. सासूबाईंचा तो खाली आलेला आवाज आणखी खाली आलेला ऐकू आला. सगळं घर तिच्याभोवती, आणि मी मागच्या खोलीत वेगळ्या तांब्यासह. ती बातमी माझ्या तोंडून निघावी, हे मला सहन होत नव्हतं. आणि बातमी निघाली की तिचं येणं बंद. मग माझ्याजवळ कोण बसणार? ही दोन कारणं मी नंतर अनेकदा उलटसुलट लावून पाहिली. एकटेपणाचं कारण पुढे ठेवलं की मी जरा बरी दिसते. पण आधी हेवाच होता.

मी एकच केलं. खाट दारापासून ओढून पलीकडच्या भिंतीला नेली. म्हटलं, सांगितलं नाही तरी अंतर तर वाढवलं. पण ऑपरेशनपासून माझा आवाज बसला होता, घोगरा आणि बारीक झाला होता. तिला तिथून ऐकू जाईना. "काय म्हणता, ताई?" म्हणत ती उंबरा ओलांडून आत सरकली आणि पूर्वीइतकीच जवळ येऊन बसली. मला तेव्हाही बोलता आलं असतं. बातमी न फोडताही तिला हाकलता आलं असतं, एरवी मी तिच्यावर काय कमी खेकसत होते? मी गप्प राहिले. पंधरा दिवस संपेपर्यंत सात दुपारी ती अशी माझ्याजवळ बसली.

पंधराव्या दिवशी मला न्हाऊ घातलं, खोली धुतली. त्यानंतर तीन दिवसांनी धाकटीनं मोरीत उलटी केली आणि घरात पेढे आले. पेढा हातात असतानाच सासूबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "अगं, मंग तवा तू थोरलीजवळ बसायचीस की." क्षणभर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग त्याच म्हणाल्या, "पर रोज डोक्यावरून पाणी घेत हुती. काय न्हाई हुत." आणि पेढा तोंडात टाकला. घरासाठी तो विषय तिथं मिटला. रात्री भांडी घासताना धाकटीनं मला हळूच विचारलं, "ताई, तुमी शिकलेल्या हाय. काय हुणार न्हाई ना?"

मी म्हटलं, "काही होत नाही."

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीण बाईंना विचारलं. जावेचं सांगितलं, किती दिवस, किती वेळ, ते थोडं कमी करून. त्या म्हणाल्या, इतक्यानं काही होण्याची शक्यता फार थोडी आहे. मग विचारलं, "तिला माहीत नव्हतं ना?"

"नाही."

"घरात कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"मग मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर काचेचं वजन होतं. ते नीट आठवतं, कारण मी तेवढा वेळ त्याच्याकडेच बघत होते.

मुलगी झाली. बाळ गुटगुटीत, रडणं खणखणीत. सगळ्यांच्या आधी मी तिला उचललं आणि पाळण्यात ठेवेपर्यंत हातापायांची बोटं मोजली, टाळू चाचपली, मानेवरून अंगठा फिरवला. धाकटी खाटेवरून बघत होती. सासूबाईंना म्हणाली, "ताईंची माया बघा."

माझं वर्ष संपलं, मग दुसरं संपलं. मूल राहिलं नाही. गल्लीत म्हणायचे, किरणांनी बी करपलं. मला ते ऐकून उलट बरं वाटायचं, कारण तसं असतं तर मला शिक्षा झाली असं तरी म्हणता आलं असतं. डॉक्टरांनी तेही हिरावून घेतलं. म्हणाले, औषधाचा संबंध दिसत नाही, तुम्हाला आधीपासूनच अडचण असावी.

मुलगी आता शाळेत जाते, मला 'मोठी आई' म्हणते. तिला ताप आला की मी रजा टाकते. दात उशिरा पडला तरी बीडला नेते. उंची दर महिन्याला दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजते. वरच्या वर्गात गुणसूत्रांचा धडा आला की माझं वाक्य अर्धवट राहतं. मुलं म्हणतात, बाई, पाणी प्या. सगळं गाव म्हणतं, पोटच्या पोरीचंही कुणी इतकं करत नाही. त्यात माया किती आणि भीती किती, ते मलाही आता वेगळं करता येत नाही.

गेल्या श्रावणात आम्ही सगळे कपिलधारला गेलो होतो. दर्शन झाल्यावर मुलगी बापाबरोबर धबधब्याखाली भिजली आणि पायऱ्या चढून धापा टाकत आमच्याकडे आली. मी लगेच तिला ओढून गळ्याखाली बोटं लावून पाहिली. हे मी नेहमीच करते. ती हात झटकून पळाली. धाकटी शेजारी बसून चिवडा खात होती. म्हणाली, "ताई, खरं सांगू का? मला तुमचा लई हेवा वाटतो."

मी म्हटलं, "माझा?"

"आई मी हाय. पर तुमच्यासारखा जीव टाकणं मला न्हाई जमत. तिला नुसती ठेच लागली तरी तुमचं तोंड पांढरं पडतंय."

तिनं मुलीकडे पाहिलं. केस ओले आहेत, एक चप्पल उलटी आहे, एवढंच तिला दिसलं, आणि ती पुन्हा चिवडा खायला लागली. इतकी वर्षं मी तिच्या भाकरीचा, तिच्या कढीपत्त्याचा हेवा केला होता. त्या पायरीवर बसून मला त्या एका बघण्याचा हेवा वाटला. त्या मुलीकडे मी आजवर एकदाही तसं पाहिलेलं नाही.

वाटलं, सांगून टाकावं. सतरंजीपासून सांगावं. मी तोंड उघडलं, पण माझा आवाज निघाला तो मागच्या खोलीतला, घोगरा आणि बारीक. धबधब्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही.

"काय म्हणता, ताई?" ती म्हणाली, आणि सरकून माझ्याजवळ येऊन बसली.

मी म्हटलं, "काही नाही. तिचे केस पूस."