सर्व्हरपाशी बसणारा

निघोजेच्या त्या कंपनीवर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. आकुर्डीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी धंदा सुरू केला होता. मी गिऱ्हाईक आणायचो, भाव ठरवायचो. माझा भागीदार, लातूरकडचा, यंत्रं बसवायचा. या कंपनीत आम्ही सगळ्या ऑफिसचे प्रिंटर एका सर्व्हरवर आणून दिले. ते काम बघून त्यांनी माझा माणूसच उचलला, नोकरीला ठेवला.

आता तो सर्व्हर जुना झाला म्हणून तिथूनच फोन आला. बोलणी करायला समोर तोच होता, गळ्यात ओळखपत्र अडकवून. मी मात्र वेगळंच ठरवून गेलो होतो. त्याला गाळ्यावर परत आणायचं होतं.

हे काम एकट्यानं होतं, पण त्यात जीव राहत नाही. एकानं सर्व्हरपाशी बसून चाचणीचं पान सोडायचं, दुसऱ्यानं प्रिंटरपाशी उभं राहून आलं की नाही ते ओरडून सांगायचं. बाकीचे लोक सर्व्हरवर प्रिंटरचा मॉडेल नंबर टाकतात. हा मात्र ऑफिसातले लोक बोलतात तशीच नावं द्यायचा: ‘खिडकीजवळचा’, ‘अकाउंट्सचा’. नव्या माणसालाही कुणाला विचारावं लागायचं नाही. त्याच्यानंतर मी ठेवलेली माणसं कामाला चांगली होती, पण पान आलं की मोबाइलवर अंगठा पाठवायची. कुणी ओरडायचं नाही.

मी चढा भाव सांगितला. त्यानं तो निम्म्यावर आणला. मी बॅग उचलून उठलो. ही आमची जुनी रीत. मी तावातावानं दाराकडं निघायचो, तो मागं केबल गुंडाळत रेंगाळायचा आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आम्हाला परत बोलवायचं. आता केबल गुंडाळणारा टेबलाच्या पलीकडं होता. मी बाहेर पडलो तरी तो गप्प. तहान नसताना पॅसेजमधलं पाणी प्यालो आणि आपणहून परत आत गेलो.

“झालं पाणी पिऊन?” तो म्हणाला. “बस की राव.”

मग मी भावाचं सोडून दिलं. गाळ्यावर परत ये म्हटलं. पाटीवर तुझं नाव आधी लावू, हेही म्हटलं. हे मी दुसऱ्या कुणाला म्हटलं नसतं.

“संध्याकाळी घरी असतो मी आता,” तो म्हणाला. “तुझ्याबरोबर होतो तेव्हा पोरगी झोपल्यावर पोचायचो. ती मला आत्ता कुठं ओळखायला लागलीय, भाऊ.”

याच्यावर घासाघीस कशी करायची ते मला येत नाही. तरी केलीच. तुझ्या भावात काम करतो म्हटलं, पण सर्व्हरपाशी तू बसायचं.

“ते कोटेशनमध्ये लिहू नकोस,” तो म्हणाला.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी ऑफिस रिकामं होतं, आणि तो सुट्टीच्या दिवशी येऊन बसला. मी प्रिंटरमागून प्रिंटर फिरलो. आतून त्याची हाक यायची, “आलं का?” मी गरज नसताना मोठ्यानं ओरडायचो, “आलं!” इतका मोठा आवाज मी एरवी फक्त भांडताना काढतो.

शेवटचा प्रिंटर गेटवरच्या केबिनमध्ये होता. तिथं हाक पोचत नाही, म्हणून त्यानं फोन लावला. पान माझ्या हातात होतं, कोमट.

“आलं का?”

“नाही. परत सोड.”

त्यानं परत सोडलं. दुसरं पान बाहेर आलं. मी ते पहिल्या पानाखाली धरलं. 

“इथं स्क्रीनवर दोन्ही पानं छापून गेलेली दिसतायत, भाऊ,” तो म्हणाला. “घरी जेवायला थांबलेत माझ्यासाठी.”

मग मी आलं म्हणून सांगितलं.